सदलग्याची फौज आणि निपाणीचा पंच

आपण पक्षपाती आहोत असं एखाद्याला पोस्टकार्डावर लिहून यावं, आणि ते कार्ड त्याच्या हातात पडण्याआधी अख्ख्या गल्लीनं वाचलेलं असावं, यापेक्षा मोठी नामुष्की मध्यमवर्गीय माणसाच्या वाट्याला येऊ शकत नाही, असं सुबरावांचं ठाम मत होतं. चोरीचा आळ परवडला. चोरी निदान कोर्टात नाकारता तरी येते.

"सुबराव, तुमच्या सासूला आवरा. न्हायतर आमचं नाव काढा. देवाप्पा, वडगाव."

पोस्टमन भरमानं हे कार्ड दारात उभं राहून मोठ्यानं वाचलं. त्याबद्दल सुबरावांची तक्रार नव्हती, तो रोजच वाचायचा. पण वाचून झाल्यावर त्यानं कार्ड उलटसुलट केलं, मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर हाय की वो त्येंचं."

समोरच्या ओट्यावरून ज्योतिबानं "बरोबरच हाय" म्हणून पुस्ती जोडली. शेजारच्या अक्काताईंनी तांदूळ निवडता निवडता "सासू म्हटल्यावर बिचारा करणार काय" असं सुबरावांना ऐकू जाईल अशा बेतानं हळू म्हटलं. सुबराव बँकेत कारकून होते, मॅनेजरच्या तोंडचं बरंच काही त्यांनी गिळलेलं होतं. पण पंच म्हणून त्यांच्या निःपक्षपातीपणावर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

पंच म्हणजे पोस्टकार्डावरच्या लढाईचे पंच. कोणी हसू नये. लढाई सुबरावांनी स्वतः डोकं चालवून काढली होती आणि तिच्यात काही कमी नव्हतं. प्रत्येक खेळणाऱ्याचा एक किल्ला, त्याच्या गावाच्या नावाचा. किल्ल्यात काही पायदळ, काही घोडेस्वार आणि धान्याचं कोठार. एका हल्ल्यात कोठाराचा एक कोपरा जाणार; ज्याचं अख्खं रिकामं झालं तो संपला. दर आठवड्याला प्रत्येकानं आपला हुकूम कार्डावर लिहून पाठवायचा. रविवारी अंघोळ करून सुबराव नकाशा पसरून बसायचे, सगळे हुकूम एकमेकांशी ताडून निकाल लावायचे आणि प्रत्येकाला उलट टपाली कळवायचे. नुसतं "हरलात" असं नव्हे. धूळ उडाली, शिंगं वाजली, माघार घेताना एक घोडा चिखलात रुतला, असं सगळं रंगवून. चिखलातला घोडा हा त्यांच्या खास आवडीचा होता आणि तो जवळजवळ प्रत्येक लढाईत यायचा.

खेळणारे मोजकेच. वडगावचे देवाप्पा, साड्यांच्या मागांचे मालक. त्यांची फौज सगळ्यांत मोठी, कारण ते ती कधी बाहेरच काढायचे नाहीत. कडोलीचे परशराम मास्तर. गावच्या साहित्य संमेलनात दरवर्षी पाहुण्यांचे आभार मानणारे. त्यांच्या हुकमात सूर्य उगवायचा, दवबिंदू चमकायचे, आणि शेवटी कुणावर हल्ला करायचा ते लिहायला कार्डावर जागा उरायची नाही. मग ज्योतिबा, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. तो समोरच राहायचा, पण नियम म्हणजे नियम, म्हणून आपलं कार्ड चौकातल्या पेटीत टाकून यायचा आणि भरमा ते आणून सुबरावांना द्यायचा.

आणि सदलग्याच्या तानीबाई.

तानीबाई म्हणजे सुबरावांच्या सासूबाई. प्राथमिक शाळेच्या हेडबाई म्हणून निवृत्त झालेल्या. चौथा गडी कमी पडत होता तेव्हा सुबरावांनीच त्यांना खेळात घेतलं. हिशेब सरळ होता. म्हातारं माणूस, बसल्या जागी विरंगुळा होईल; आणि कार्ड लिहिण्यात गुंतल्या तर निपाणीच्या फेऱ्याही कमी होतील. हिशेबाचा पहिला भाग खरा ठरला.

त्या फेऱ्यांविषयी सांगायला हवं. तानीबाई सकाळच्या गाडीनं यायच्या. घरात शिरायच्या, बसायच्या नाहीत. शाळा तपासायला आल्यासारखी नजर फिरवायच्या आणि कधी लेकीवर, कधी जावयावर नेमका वार करायच्या. "अंजने, माठाला फडकं न्हाय व्हय गं?" किंवा, "जावईबापू, बढतीचं काय झालं? त्या तुमच्या मागनं लागलेल्या पोराला मिळाली म्हणं." सुबरावांना उत्तर सुचेपर्यंत त्या चपला घालून उंबऱ्याबाहेर असायच्या. "येते. गाडी हाय." पाणी त्यांच्या पिशवीतल्या चंबूतलं, भाकरी त्यांच्या फडक्यातली. लेकीच्या घरचं अन्न नातवंड होईपर्यंत घ्यायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम होता आणि नातवंडाचा अजून पत्ता नव्हता. सुबरावांची आयुष्यातली उत्तमोत्तम उत्तरं सदलगा गाडीच्या मागच्या काचेला देऊन झाली होती.

लढाईही बाईंनी तश्शीच केली. त्यांचा पहिलाच हुकूम असा: "घोडेस्वार घेऊन वडगावचं कोठार पेटवणे. लुटीचं धान्य घेणे. मग दूधगंगेच्या काठच्या उसात जाऊन बसणे." नियमाप्रमाणे एका डावात एकदा हल्ला करता यायचा आणि एकदा हलता यायचं, त्यामुळे यात काही गैर नव्हतं. देवाप्पांनी चिडून पहिल्यांदाच सगळी फौज बाहेर काढली आणि उसावर घातली. तोवर बाई कडोलीचं कोठार पेटवून कुठल्या तरी ओढ्यात बसल्या होत्या. मास्तरांनी ओढ्यावर चाल केली, दवबिंदूंसकट. बाई निपाणीत होत्या, ज्योतिबाच्या कोठारात. मूठभर घोडेस्वारांनी त्यांनी तिघांना जेरीस आणलं, आणि त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही.

सुबरावांनी वडगावचं कार्ड दोनदा वाचलं आणि ठरवलं की हा नियमातला दोष आहे. नियम आपण केले, आपणच दुरुस्त करू. त्यांचा स्वतःवर भारी विश्वास होता.

पहिली दुरुस्ती अशी: छापा घातला की घोडे दमणार. त्या डावात हलता येणार नाही.

सगळ्यांना वाटलं, झालं काम. आणि खरंच बाईंनी छापे बंद केले. पण मग देवाप्पांना कुणाचंच भय उरलं नाही. त्यांची अजस्र फौज एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडासारखी संथपणे कडोलीवर चालून गेली आणि मास्तरांच्या किल्ल्याभोवती बसली. छापा घालून तिची रसद तोडावी, तर तोडणारा जागीच सापडणार. मास्तरांचं कार्ड आलं. त्यात सूर्य मावळला होता. "ज्या खेळात थोरांनी लहानांना केवळ वजनाने चिरडावे, त्या खेळास आमचा दुरूनच नमस्कार."

याच सुमारास तानीबाई सकाळच्या गाडीनं आल्या. "जावईबापू, घोडं दमत्यात, आन् देवाप्पाचं ढोलक्या पोटाचं पायदळ दमत न्हाय व्हय? येते. गाडी हाय."

हे म्हणणं रास्त होतं, हेच सुबरावांचं खरं दुखणं. अंजनी एवढंच म्हणाली, "अवो, नियम करायचा तो करा. पर आईला पाडायला म्हणून करू नका."

दुसरी दुरुस्ती ज्योतिबाच्या सल्ल्यानं झाली. छापा घालून पळता येईल, पण एकाच गावापुरतं. ज्योतिबानं हे इतक्या खात्रीनं सांगितलं की तो आदल्या जन्मी सेनापती असावा असं वाटलं. परिणाम असा झाला की थोडंच पळायला मिळतंय म्हटल्यावर सगळ्यांनाच पळायची चटक लागली. देवाप्पांनी पायदळाला घोड्यांवर बसवलं. मास्तरांनी दवबिंदू सोडले आणि प्रथमच एका ओळीत हुकूम लिहिला: "निपाणी पेटवणे, पळणे." ज्योतिबानं स्वतःचा किल्ला मोकळा टाकून वडगाव पेटवलं. सगळे सगळ्यांचे रिकामे किल्ले जाळत पळत होते, आणि पाठलाग करायला कोणी मागे नव्हतं. रविवारी नकाशावर बसलेल्या सुबरावांना कोण कुठे आहे तेच कळेना. चिखलात रुतवायला घोडाही सापडेना, इतके सगळे घाईत.

आणि त्या आठवड्यात पोलीस आला.

नवल नव्हतं. आधीच सीमेवरचा मुलूख. त्यात उघड्या कार्डावर "निपाणी पेटवणे, पळणे" असं कडोलीहून टपालानं येतंय म्हटल्यावर कुणाच्या तरी भुवया वर जाणारच. हवालदारानं सुबरावांना साहेबांपुढे उभं केलं. साहेब तिकडचे, धारवाडकडचे. मराठी समजायचं, वाचता यायचं नाही. "हे सगळं कन्नडमध्ये करून आणा. अर्जासोबत. दोन प्रती."

सुबरावांचं कन्नड बँकेच्या स्लिपांपुरतं. दवबिंदूंना कन्नडात काय म्हणतात यावर त्यांची आणि ज्योतिबाची एक अख्खी संध्याकाळ गेली. गल्लीतल्या प्रत्येकानं एकेक शब्द पुरवला, अक्काताईंनी तीन पुरवले आणि ते तिन्ही चूक निघाले. शेवटी ते चोपडं घेऊन सुबराव मान ताठ ठेवून साहेबांपुढे गेले. साहेबांनी वाचलं. वाचता वाचता खुर्चीत पुढे सरकले. एका जागी थांबून त्यांनी बोट ठेवलं.

"यार्री ई मुदुकी? ही म्हातारी कोण? सगळ्यांना मारून पळते. कुणाला सापडत नाही."

"माझ्या सासूबाई, साहेब."

साहेबांनी चोपडं मिटलं. मग हवालदाराला चहा आणायला सांगितला. "माझी पण हाय री. धारवाडला." अर्ज त्यांनी परत दिला. "हे घरगुती मॅटर आहे. पोलीस यात काय करणार."

सुबराव सुटले, पण खेळ सुटला नाही. देवाप्पा आणि परशराम मास्तर या दोन टोकांच्या माणसांचं आजवर कशावरच एकमत झालेलं नव्हतं. ते आता झालं. दोघांच्या सहीचं एकच कार्ड आलं. येत्या रविवारपर्यंत सदलग्याच्या फौजेला न्यायानं वेसण घालणारा, पण कुणाला लंगडं न करणारा नियम करावा. नाहीतर दोघेही खेळ सोडतील. खाली मास्तरांनी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कडोलीच्या संमेलनानंतर घरी सर्व गडी जमवून खेळाच्या जनकाला शाल देण्याचा बेत होता, तोही अर्थात रद्द समजावा.

शालीचं सुबरावांना काही नव्हतं. असं त्यांनी अंजनीला सांगितलं, ज्योतिबाला सांगितलं आणि भरमालाही सांगितलं. पण देवाप्पा आणि मास्तर गेले तर खेळ मेला, हे त्यांना कळत होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासणाऱ्या माणसानं आयुष्यात स्वतःची म्हणून एकच गोष्ट केली होती, ती ही.

शनिवारी सकाळी तानीबाई आल्या. उंबरा ओलांडला, नजर फिरवली. "अंजने, वाळलीयास. आन् जावईबापू, उद्या काय नेम करणार हाय ते ठाऊक हाय मला. मला एकटीला दावणीला बांधायचा बेत दिसतूय. येते. गाडी..."

गाडी नव्हती. त्या वर्षी तंबाखूच्या भावासाठी शेतकरी चिडलेले होते आणि त्याच सकाळी त्यांनी हायवे अडवला. बैलगाड्या आडव्या, ट्रक एकामागं एक, गाड्या सगळ्या बंद. तानीबाई स्टँडपर्यंत जाऊन परत आल्या. गेलेल्या सासूबाई परत आल्याचं सुबराव प्रथमच पाहत होते.

दुपारी त्यांनी ओट्यावर बसून फडक्यातली भाकरी खाल्ली. एका वेळचीच होती. त्या नेहमी एका वेळचीच आणायच्या. संध्याकाळी अंजनीनं ताट मांडलं तर म्हणाल्या, "मला उपास हाय."

"कसला गं?"

"हाय असलाच एक."

रविवार उजाडला, रस्ता उघडला नाही. चंबूतलं पाणीही संपलं. ज्योतिबाच्या घरून ताट आणावं असा सल्ला अक्काताईंनी दिला; पण लेकीच्या दारात बसून शेजाऱ्याचं खाणं त्याहून वाईट, म्हणून बाईंनी तेही मोडीत काढलं. अंजनी चुलीशी बसून भाकऱ्या थापत होती आणि डोळे पुसत होती. धूर म्हणावा तर त्या दिवशी लाकडं चांगली वाळलेली होती.

"तू थांबतच न्हाईस कधी," ती आतूनच म्हणाली. "आलीस की बोलतीस आन् जातीस. मी काय तुझी वैरीण हाय?"

तानीबाईंनी रिकामा चंबू उचलून पुन्हा खाली ठेवला. मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "थांबले तर तू ताट मांडणार. आन् मला न्हाय म्हणायला लागणार. ते म्हणवत न्हाय गं मला. म्हणून पळती मी."

सुबराव नकाशा पसरून बसले होते. हे ऐकलं आणि त्यांचा हात थांबला. इतकी वर्षं आपल्यावर छापे घालणारी ही बाई हल्ला करून पळत नव्हती, पळता यावं म्हणून हल्ला करत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना वाईट वाटलं. पण त्याच वेळी त्यांच्यातला पंच जागा झाला, आणि तो एकदा जागा झाला की त्याला आवरणं कठीण.

"मामी," ते म्हणाले, "तुमची फौज उसात बसते, ओढ्यात बसते. खाते काय?"

"लुटीचं." भुकेल्या पोटीही हेडबाईंचा आवाज करारी होता.

"लुटीचं धान्य खाल्लं म्हणजे वडगावकरांचा पाहुणचार घेतला असं होतं का?"

"ह्यॅ. लुटलेलं लुटणाऱ्याचं. त्यात पाहुणचार कुठला आला?"

"हां. मी आपलं विचारलं. पाहुणचार वेगळा, लूट वेगळी." सुबरावांनी नकाशावरून मान वर केली नाही. "अंजनी, आमटी झाली काय गं? वास सुटलाय."

तानीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसणाऱ्या पोरानं अचानक बरोबर उत्तर द्यावं, तसं काहीतरी त्या नजरेत होतं. त्या उठल्या. पदर खोचला. सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

"अंजने, सर बाजूला. छापा हाय."

त्यांनी टोपलीतली भाकरी स्वतः उचलली, आमटीची पातेली स्वतः ओढली, फळीवरचं ताट स्वतः काढलं आणि मांडी घालून बसल्या. अंजनी पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. सुबराव दाराशी आले. त्यांच्या लग्नानंतर या घरात सासूबाई पहिल्यांदा जेवायला बसलेल्या होत्या, तोंडात घास होता, आणि उलट बोलायची सोय नव्हती. बढतीवरचं उत्तर सुबरावांकडे कधीचं तयार होतं. घासूनपुसून ठेवलेलं, धारदार. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"मामी, तूप वाढू?"

"वाढू नका. वाढलं की पाहुणचार हुतो. बुधलं हिकडं सरकवा, मी लुटते."

अंजनी हसायला लागली आणि हसता हसता खाली बसली. बराच वेळ ती हसत होती की रडत होती, हे सुबरावांना ठरवता येईना.

इतक्यात ज्योतिबा धावत दारात आला. रस्ता मोकळा झाला, पहिली सदलगा गाडी स्टँडवर लागलीय, लगेच निघाल्या तर मिळेल. तानीबाईंचा हात सवयीनं पिशवीकडं गेला. अर्ध्या उठल्याच.

"मामी, बसा," सुबराव म्हणाले. त्यांच्या आवाजात असा काही अधिकार होता की ज्योतिबाही ओट्यावर बसला. "नियम झालाय. छापा घालून लगेच पळायचं असेल तर खुशाल पळावं, पण लूट मिळणार नाही. लूट पाहिजे तर ती तिथंच बसून खायची. आणि जेवण होईपर्यंत हलायचं नाही."

तानीबाईंनी घास चावता चावता विचार केला. "म्हंजे तेवढ्यात वडगावकरानं येऊन मला गाठावं व्हय?"

"तेवढा वेळ तरी द्या की आम्हाला."

अर्ध्या उठलेल्या त्या पुन्हा नीट मांडी घालून बसल्या. मग पिशवी पायानं बाजूला सारली आणि भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. "नेम सारका हाय. मोठ्यालाबी लागू, धाकट्यालाबी लागू. लिवा. आन् ज्योतिबा, गाडी जाऊ दे म्हणावं."

ती कार्डं सुबरावांनी त्याच दुपारी लिहिली आणि चिखलातला घोडाही पुन्हा आला. देवाप्पांचं उत्तर एका शब्दाचं होतं: "मान्य." मास्तरांच्या उत्तरात सूर्य परत उगवला. कडोलीला सुबरावांना शाल मिळाली. ती देताना मास्तर इतकं बोलले की शाल कुणाला द्यायची हेच ते विसरले आणि थोडा वेळ ती देवाप्पांच्या खांद्यावर होती. पण सुबरावांनी ते मनावर घेतलं नाही. भरमानं मात्र गल्लीत सांगून टाकलं की नियम त्यानंच सुचवला होता.

सदलग्याच्या फौजेनं नव्या नियमाखाली वडगाव लुटलं, ती जेवायला बसली आणि देवाप्पांनी तिला गाठलं. पुढच्या डावात तिनं त्यांना गाठलं. लढाई अशी रंगली की आठवड्याची वाट पाहणं गल्लीला जड जाऊ लागलं.

आणि एके सकाळी तानीबाई नेहमीच्या गाडीनं आल्या. उंबरा ओलांडला. नजर फिरवली. "जावईबापू, बढतीचं काय झालं?"

सुबरावांनी गाडीच्या काचेला द्यायचं उत्तर तयार ठेवलं. बाई उंबऱ्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. पिशवीत आज भाकरीचं फडकं नव्हतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि आत डोकावल्या.

"अंजने, लुटण्यासारखं काय केलंयस का गं आज?"